सातव्या परिच्छेदातला शब्द

"हे तुम्हीच टाईप केलंय ना?"

बाईनं कागद सरळ माझ्या टाईपरायटरवर ठेवले. मशीनमध्ये अर्धा झालेला कागद होता, त्याचीही पर्वा नाही. मी मान वर न करता म्हणालो, "या कोर्टात इंग्रजी टाईप झालेलं बहुतेक सगळं मीच केलेलं असतं. काम काय आहे?"

"शेवटच्या पानावर तुमची सही आहे. सि. रा. मेनकुदळे. वर शिक्का आहे, मजकूर मराठीत वाचून दाखवला व समजावून सांगितला."

"मग?"

"मग मलापण सांगा. या एका शब्दाचा अर्थ पाहिजे. माझ्या डिक्शनरीत नाही."

तिनं बोट ठेवलं. सातवा परिच्छेद, तिसरी ओळ. शब्दाखाली पेन्सिलीनं रेघ मारलेली होती. प्युराइल.

"बाकीचं वाक्य मला लागलं," ती म्हणाली. "माझं वागणं पहिल्यापासून असं असं आहे, म्हणून मुलगी माझ्याजवळ ठेवू नये. मुलगी का ठेवू नये ते या एका शब्दात आहे. म्हणून विचारते."

ही एक्क्याण्णव सालातली गोष्ट. कोर्टाच्या आवारात पत्र्याची शेड होती, तिच्यात आम्ही तिघे टायपिस्ट बसायचो. बाईचं नाव हेमलता टोणपे. वय असेल सव्वीस-सत्तावीस. नवरा भालचंद्र टोणपे साखर कारखान्यात स्टोअरकीपर होता. बाई मुलीला घेऊन माहेरी राहत होती. त्यानं कापशीकर वकिलांकडून घटस्फोटाचा अर्ज लावला होता आणि सोबत त्या पाच वर्षांच्या मुलीचा ताबाही मागितला होता. तो अर्ज मीच टाईप केला होता. पण त्या शब्दाचा अर्थ मला माहीत नव्हता.

आता सांगायला काय जातं! त्या दिवशी हेच एक वाक्य तोंडातून निघालं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं. पण माझ्या समोरच्या बाकावर दोन पक्षकार बसले होते. शेजारच्या मशीनवर जाधव होता. मीच शिकवलेला आणि आता माझंच गिऱ्हाईक पळवायला टपलेला. त्यानं टाईप करणं थांबवून कान इकडे लावला होता. आणि माझी ख्याती अशी, की मेनकुदळेला वकिलांपेक्षा जास्त इंग्रजी येतं. ही ख्याती मीच पसरवली होती, हे वेगळं.

मी चष्मा पुसला. आवाज खाली आणला. म्हणालो, "बाई, सगळंच चारचौघांत सांगण्यासारखं नसतं."

"म्हणजे?"

"म्हणजे बाईमाणसाच्या चालचलणुकीबद्दल आहे ते. समजून घ्या."

तिचा चेहरा पांढराफटक पडला. "कुणाबरोबर? नाव लिहिलंय का कुणाचं?"

"ते पुढं पुराव्याच्या वेळी येतं," मी म्हणालो. अगदी सहज. रोज असली प्रकरणं बघणाऱ्या माणसाच्या आवाजात.

तिनं कागद गोळा केले आणि ती निघून गेली. जाधवनं माझ्याकडे आदरानं बघितलं. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, चांगलंच बरं वाटलं.

आमची काम करायची पद्धत सांगितल्याशिवाय हा निर्लज्जपणा कळायचा नाही. कापशीकर वकिलांकडे घटस्फोटाच्या अर्जाचा एक नमुना होता. त्यांच्या गुरूंनी कधीकाळी कुणासाठी तरी लिहिलेला. नवीन पक्षकार आला की मी नमुना समोर ठेवायचो, नावं बदलायचो, लग्नाची तारीख बदलायचो, गाव बदलायचो. कापशीकर आतून ओरडायचे, "सातवा तसाच ठेव रे!" तो मी तसाच ठेवायचो. त्यामुळे आमच्या तालुक्यात नवऱ्यांनी टाकायला काढलेली प्रत्येक बाई प्युराइल होती. पंचावन्न वर्षांची होती तीसुद्धा आणि लग्नाला चार महिने झालेली होती तीसुद्धा.

मग शेवटचं पान. पक्षकाराला इंग्रजी येत नसेल तर त्याला मजकूर मराठीत समजावून सांगायचा आणि सांगणाऱ्यानं तशी सही करायची, असा रिवाज. मी त्यासाठी रबरी शिक्काच करून घेतला होता. शिक्का मारायचा, सही ठोकायची, पक्षकाराला म्हणायचं, "इथं सही करा, इथं, आणि इथं." एकानंही कधी विचारलं नाही, की यात काय लिहिलंय. ज्या बाईबरोबर सात-आठ वर्षं संसार केला तिच्याबद्दल आपण काय म्हणतोय, हे बघायची गरज एकाही शहाण्याला वाटली नाही. भालचंद्र टोणपेनं तर सही करता करता मला विचारलं होतं, "दुपारची गाडी मिळंल का?"

आणि अशा लोकांना मी मनातून हसायचो. पक्षकार अडाणी, वकील भाडोत्री. मुजावर वकिलांना तर मी हिशेबातच धरत नव्हतो. ते हेमलताबाईंचे वकील. किडकिडीत माणूस, आवाज बारीक, बाररूमच्या शेवटच्या बाकावर बसणार आणि सगळं काम मराठीतून करणार. ज्याला इंग्रजी येत नाही तोच मराठीत लिहितो, असा माझा पक्का समज होता. त्यांचं काम जाधवच्या देवनागरी मशीनवर जायचं. मला त्याचं सोयरसुतकही नव्हतं.

तीन आठवड्यांनी तारीख होती. अकराच्या सुमारास कापशीकर स्वतः शेडमध्ये आले. खुशीत होते.

"मेनकुदळे, टोणपेचं मिटलं. तडजोडीची पुरसीस टाईप करून टाक. राजीखुशीनं घटस्फोट. मुलगी बापाकडे. आईनं महिन्यातून एकदा भेटायचं, तेही बापाच्या घरी. आणि एक घाल, की सातव्या परिच्छेदातला मजकूर अर्जदार मागे घेत आहे."

"मागे घेतोय?"

"त्यांची तेवढीच अट आहे बाबा. बाकी सगळं कबूल. मुलगीसुद्धा!" ते हसले. "मी पंचवीस वर्षं वकिली करतोय. इतकी स्वस्तात सुटलेली केस बघितली नाही. तीन वाजता कोर्टासमोर ठेवायचीय. उशीर करू नकोस."

ते गेले आणि पाठोपाठ एक म्हातारा येऊन माझ्यासमोर बसला. हेमलताबाईंचा बाप, बाबूराव शिरतोडे. एसटीत ड्रायव्हर होते, नुकतेच निवृत्त झालेले. बाई लांब, पायरीवर बसली होती. तीन आठवड्यांत ती निम्मी झाली होती. केसांना तेल नाही, नजर जमिनीवर.

"सायब, त्ये सात नंबरचं नीट घाला बरं का," म्हातारा हळूच म्हणाला. "कोर्टात मोठ्यानं वाचायला नगं."

"वाचत नाहीत हो. पण मुलगी का देताय?" मी उगीच विचारलं. मशीनला कागद लावत होतो.

म्हाताऱ्यानं इकडं तिकडं बघितलं. "धाकटीची सोयरीक ठरलीय. माघ महिन्यात लगीन. आता थोरलीच्या चालीवर कोर्टात कागूद झाला म्हटल्यावर त्ये लोक ऱ्हात्यात व्हय? पोरगी बापाची हाय, बापाकडं जाईल. पर नाव जाया नगं."

माझी बोटं मशीनवर थांबली. "चालीवर? कोण म्हणालं तुम्हाला?"

"हिनंच सांगितलं की घरी येऊन, रडत रडत. हितल्या सायबानं वाचून सांगितलं म्हणाली." त्यानं मला ओळखलं नव्हतं. "मी मग जावयाकडं गेलो. म्हणलं, असं लिवलंय त्ये खरं हाय का? त्यो म्हणाला, लिवलंय त्ये खरंच हाय, मी काय खोटं सही करीन व्हय?"

ज्या कागदावर काय आहे हे टोणपेला ठाऊक नव्हतं, तो कागद खरा आहे म्हणून तो सासऱ्याला सांगून मोकळा झाला होता. आणि त्याचा राग यावा एवढीही माझी लायकी नव्हती. त्याला निदान न वाचता शिक्का मारून मी फसवलं होतं. मी कुणाच्या सांगण्यावरून बोललो होतो?

पण तरीही मनात एक आशा होती. आपण अंदाजानं बोललो ते कदाचित बरोबरही असेल. तसाच अर्थ असेल त्या शब्दाचा. असेल तर आपली काही चूक नाही. एका बाईच्या चारित्र्यावर खरोखरच शिंतोडे उडवलेले असावेत, अशी मी देवाजवळ मागणी करत होतो. याच्यापेक्षा खालच्या पायरीवर मी आयुष्यात कधी गेलो नाही.

मी उठून कापशीकरांकडे गेलो. ते बाररूमच्या दारात पान लावत होते.

"साहेब, प्युराइल म्हणजे काय हो?"

"कुठला?"

"सातव्या परिच्छेदातला."

"अरे, ते..." त्यांनी चुना बोटावर घेतला. "म्हणजे वाईटच काहीतरी. आमच्या गुरुजींचा शब्द आहे. त्यांचं इंग्रजी म्हणजे काय सांगू तुला! तू का विचारतोस? टाईप झालं का?"

पंचवीस वर्षं वकिली! मी त्यांच्या अंगावरून आत गेलो. शेवटच्या बाकावर मुजावर वकील तोंड पाडून बसले होते. त्यांची पक्षकार त्यांना न विचारता तडजोड करून बसली होती आणि कारण विचारू नका म्हणून बापानं हात जोडले होते. मी त्यांनाही तेच विचारलं. त्यांना कितपत येत असणार, असं तेव्हाही माझ्या मनात आलं.

"पोरकट," ते म्हणाले. "लहान पोरासारखं वागणारं. का हो? इतकी वर्षं टाईप करताय की तो शब्द."

"पोरकट? एवढंच?"

"एवढंच. मी तर त्याच्यावर उलटतपासणी करणार होतो. बाई बालवाडीत शिकवते. पोरकट नसेल तर नोकरी जाईल तिची." ते कसनुसे हसले. "आता काय उपयोग! मिटवलं त्यांनी."

मी शेडमध्ये परत आलो. म्हातारा तिथंच बसून होता. मी पुरसीस, म्हणजे कोर्टात द्यायचा तो तडजोडीचा कागद, टाईप करायला लागलो. हो, करायला लागलो. माणूस एवढ्यानं सुधारतो असं ज्यांना वाटतं त्यांनी कधी स्वतःकडे नीट बघितलेलं नसतं. मी हिशेब मांडत होतो. बोललो तर शिक्क्याची भानगड बाहेर येणार. कापशीकर काम बंद करणार. जाधव माझ्या टेबलावर बसणार. नाही बोललो तर काय होणार होतं? एक मुलगी बापाकडे जाणार होती. बापच तो, कसाई थोडाच होता! असं मी मला सांगत होतो आणि टाईप करत होतो. मुलीचं नाव मीनाक्षी. वय वर्षं पाच. सामनेवाली मुलीचा ताबा राजीखुशीनं सोडून देत आहे.

दोन वाजून गेले. सगळे माझ्या टेबलाभोवती जमले. कापशीकर, टोणपे, म्हातारा, मागं उभे मुजावर. बाई सगळ्यात शेवटी आली.

"बाई, एकदा तुमच्या वकिलांना विचारून बघा ना," मी म्हणालो. केवढं हे धाडस!

"इचारायचं काय आता," म्हातारा म्हणाला. "हेमे, कर सही."

तिनं पेन घेतलं. टोणपेकडे बघून म्हणाली, "ती रात्री पाणी मागते. उशाशी तांब्या ठेवायला सांगा तुमच्या आईला. आणि अंधारात एकटीला..." तिनं कागदावर पेन टेकवलं.

मी कागद ओढून घेतला. पेनाची रेघ पार खालपर्यंत गेली.

"काय करतोस मेनकुदळे?" कापशीकर ओरडले.

"बाई, मी तुम्हाला त्या दिवशी खोटं सांगितलं," मी म्हणालो. "मला त्या शब्दाचा अर्थ माहीत नव्हता. आज सकाळपर्यंत नव्हता. यांनाही माहीत नाही आणि तुमच्या नवऱ्यालाही माहीत नाही. त्याचा अर्थ पोरकट. लहान मुलांसारखं वागणारी बाई. चालीचा, चारित्र्याचा काही संबंध नाही. ते सगळं मी माझ्या मनानं लावून दिलं."

शेडमध्ये जाधवचं मशीनही थांबलं. कापशीकर लालबुंद झाले. "तू कोण रे अर्थ सांगणारा? उद्यापासून तुझं तोंड मला दाखवू नकोस!" त्यांनी ते खरं केलं. महिन्याभरात माझं टेबल तिथून हललं आणि जाधव तिथं बसला. शिक्क्याबद्दल शिरस्तेदारानं मला बोलावून जे सुनावलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. पुढं मी झेरॉक्सचं दुकान काढलं. त्याचं मला वाईट वाटत नाही, आणि मी काही मोठं केलं असंही वाटत नाही. स्वतःच लावलेली आग होती, तीही अर्धं घर जळाल्यावर विझवली.

बाई मात्र माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती. तिनं मुजावरांकडे वळून विचारलं, "खरंय का हे?"

"खरंय," ते म्हणाले. "तुम्ही मला का नाही विचारलं, ताई?"

"लाज वाटली." एवढंच बोलून ती नवऱ्याकडे वळली. "तुम्हाला आप्पांनी विचारलं तर तुम्ही म्हणालात, लिहिलंय ते खरं आहे. काय लिहिलंय?"

टोणपेनं कापशीकरांकडे बघितलं. कापशीकरांनी पत्र्याकडे बघितलं.

"सांगा की. सही आहे तुमची."

"वकिलांनी लिवलं, मी सही केली," टोणपे पुटपुटला. "तू तसलीच हायस. आईसमोर खिदळायचं, पोरीबरोबर लंगडी घालायची. बाईमाणसाला शोभतं का?"

"हेच ना? मग हे मला कबूल आहे." तिचा आवाज आता चढला होता. "मुजावरसाहेब, तडजोड नको. लिहून घ्या माझं म्हणणं."

मुजावरांनी खिशातून पेन काढलं. माझ्याच टेबलाच्या कोपऱ्यावर कागद ठेवला आणि ते उभ्या उभ्या लिहायला लागले.

"परिच्छेद सात कबूल. मी पोरकट आहे. रोज सकाळी चाळीस पोरांबरोबर बेडूकउड्या मारते. त्याचा मला पगार मिळतो. घरी येऊन पोरीबरोबर लंगडी घालते. तिच्याबरोबर चिंचा चोरल्यात. सासूबाईंच्या समोर खिदळते, कारण माझी पोरगी मला हसवते. यात काय चुकलं ते अर्जदारानं कोर्टात सांगावं, त्याच्या स्वतःच्या तोंडानं, मराठीत."

"असंच लिहू?" मुजावरांनी विचारलं. त्यांचे डोळे चमकत होते.

"अस्संच. एक शब्द बदलू नका."

ते तसंच दाखल झालं. टोणपेला उलटतपासणीत मुजावरांनी अर्धा तास उभा केला. त्याला लंगडी आणि चिंचा यापलीकडे काही सांगता आलं नाही. जजसाहेबांनाही हसू आवरलं नाही म्हणतात. मुलगी आईकडेच राहिली. पण हे सगळं वर्षभरानंतरचं, मी ऐकलेलं.

त्या दिवशी मी बघितलं ते एवढंच. कापशीकर आणि टोणपे निघून गेले. मुजावर कागद घेऊन आत गेले. म्हातारा मोकळा झाल्यासारखा उठला, धोतर झटकलं. त्याच्या चेहऱ्यावर हसू होतं.

"सुटलो बया," तो म्हणाला. "आता धाकटीच्या सोयरिकीला काय अडचण न्हाई. चल हेमे, चारची एसटी घावंल."

ती जागची हलली नाही.

"आप्पा, तुम्ही जावयाला जाऊन विचारलंत, खरं हाय का म्हणून."

"मग? बाप हाय मी. इचारायला नगं?"

"मला नाही विचारलंत."

म्हातारा पुन्हा धोतर झटकायला लागला.

"तीन आठवडे मी तुमच्या घरात होते. समोरासमोर जेवत होते. आईनं विचारलं नाही, तुम्ही विचारलं नाही. एकदासुद्धा. हा माणूस बोलला ते तुम्हाला लगेच खरं वाटलं." तिनं माझ्याकडे बोट केलं. नावानं नाही, नुसत्या बोटानं. "यानं निदान खोटं बोललो म्हणून सांगितलं तरी."

"अगं पर..."

"तुम्ही जा चारच्या गाडीनं. बालवाडीच्या मागं एक खोली रिकामी आहे, ती मी बघून येते. संध्याकाळी मीनूला न्यायला येईन. तिचे कपडे तेवढे बांधून ठेवा."